पवनचक्क्या उभारण्याआधी समुद्रतळ साफ करताना: न फुटलेल्या दारूगोळ्याचा शोध, ओळख आणि विल्हेवाट

उत्तर समुद्रात किंवा बाल्टिकमध्ये पवनऊर्जा प्रकल्प उभारणाऱ्यांच्या हातून एक चूक वारंवार होते. तळाशी दोन महायुद्धांतला दारूगोळा पडलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून घाईने सर्वेक्षणाचे जहाज भाड्याने घेतले जाते, मॅग्नेटोमीटर (लोखंडाचा चुंबकीय प्रभाव मोजणारे उपकरण) ओढला जातो, हजारो ठिपक्यांची, म्हणजे संशयास्पद संकेतांच्या जागांची, यादी हाती येते आणि तेव्हा कुणीतरी विचारते की यात आपण नेमके काय शोधत होतो? हा प्रश्न जहाज बंदरातून सुटण्याआधीचा आहे. त्याचे उत्तर उशिरा ठरले, तर सर्वेक्षण दुसऱ्यांदा करावे लागते.

उशिराची किंमत काय असते, हे जर्मनीतल्या बोर्कुम बेटाजवळच्या रिफगाट प्रकल्पात दिसले. त्याच्या ३० पवनचक्क्या २०१३ च्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या, पण किनाऱ्याकडे येणाऱ्या केबलच्या मार्गात दारूगोळा निघाला. जोडणी फेब्रुवारी २०१४ पर्यंत रखडली आणि तोवर चक्क्यांची यंत्रणा धड राहावी म्हणून डिझेल जाळावे लागले. एकही अपघात न होता वेळापत्रक कोसळले.

पुढचा क्रम प्रकल्पाचे नियोजन करणाऱ्यांसाठी, कंत्राट देणाऱ्यांसाठी आणि अहवाल तपासणाऱ्यांसाठी आहे. स्फोटके हाताळणे हे प्रशिक्षित पथकाचेच काम. त्या पथकाला काय विचारायचे आणि त्याच्या हाती काय द्यायचे, एवढेच इथे सांगितले आहे.

## टप्पा १: आधी कागद, मग जहाज

पहिले काम कार्यालयात होते. नौदलांच्या सुरुंगपेरणीच्या नोंदी, विमानांनी बाँब टाकून दिलेल्या जागा, बुडालेली जहाजे, जुनी गोळीबाराची सराव क्षेत्रे आणि युद्धानंतर दारूगोळा बुडवायला ठरवून दिलेल्या जागा, हे सगळे एका नकाशावर आणायचे. जर्मनीच्या वाट्याच्या उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये मिळून सुमारे १६ लाख टन पारंपरिक दारूगोळा असल्याचा अंदाज आहे. म्हणजे ‘आमच्या हद्दीत काही नसेल’ हे गृहीत धरून चालत नाही.

नकाशावरच्या या हद्दी म्हणजे कुंपणे नव्हेत. नांगरलेले सुरुंग साखळी तुटून वाहत गेले. दारूगोळा बुडवायला निघालेल्या बोटींनी ठरलेल्या जागी पोचण्याआधीच माल समुद्रात लोटल्याची उदाहरणे आहेत. त्यानंतर मासेमारीच्या जाळ्यांनी कित्येक वस्तू दशकानुदशके इकडून तिकडे ओढल्या आहेत. त्यामुळे नोंदीत पेरणीची रेषा प्रकल्पाच्या बाहेर दिसली, तरी तो भाग हिशेबातून काढू नका.

या अहवालातून काय मिळाले पाहिजे? संभाव्य वस्तूंची यादी आणि प्रत्येक वस्तूपुढे एकूण वजन, स्फोटकाचे वजन, कवचाचा धातू, फ्यूजचा (स्फोट सुरू करणाऱ्या कळीचा) प्रकार आणि ती किती खोल गाडलेली असू शकते याचा अंदाज. ‘धोका मध्यम’ एवढ्यावर संपणारा अहवाल परत पाठवा. त्यावरून कोणतेही उपकरण निवडता येत नाही.

कवचाच्या धातूकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन एलएमबी हा विमानातून टाकायचा तळसुरुंग जवळजवळ १ टन वजनाचा असून त्यात सुमारे ७०० किलो स्फोटक आहे, पण त्याचे कवच ॲल्युमिनियमचे आहे. मॅग्नेटोमीटर लोखंड शोधतो. लहानसा लोखंडी बाँब त्याला स्पष्ट दिसेल आणि हा प्रचंड सुरुंग जेमतेम जाणवेल किंवा निसटून जाईल. यादीत एलएमबी आला की पुढच्या सगळ्या नियोजनात चुंबकाखेरीज दुसरी पद्धत यायलाच हवी.

गाडले जाण्याच्या खोलीचा अंदाजही डोळसपणे वाचा. उथळ पाण्यात पडलेला बाँब वेगाने तळात घुसतो. पाणी पुरेसे खोल असेल तर त्याचा वेग पाण्यातच मरतो. तिथे तो गाडला गेलाच असेल तर सभोवतालची वाळू प्रवाहाने उकरली गेल्यामुळे किंवा वाळूच्या लाटा त्याच्यावरून सरकल्यामुळे. दोन्हींचे हिशेब वेगळे असतात आणि संपूर्ण प्रकल्पाला एकच खोली लावणारा अहवाल बहुधा दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाच्या अहवालावरून उतरवलेला असतो.

सावधान: ‘इतक्या वर्षांत गंजून निकामी झाला असेल’ हे वाक्य बैठकीत कुणी उच्चारले तर तिथेच थांबवा. चुंबकीय किंवा ध्वनीवर चालणाऱ्या सुरुंगांच्या बॅटऱ्या कधीच मेल्या आहेत हे खरे, पण टीएनटीसारखे स्फोटक पाण्यात टिकून राहते. नांगरलेल्या सुरुंगांच्या शिंगांना (कवचाबाहेर आलेल्या, धक्का लागताच काम करणाऱ्या कळांना) तर टिकलेली बॅटरीच लागत नाही. शिंगातली काचेची नळी फुटली की आतले आम्ल धातूच्या पट्ट्यांवर पडते आणि त्याच क्षणी वीज तयार होते. शिवाय पिक्रिक आम्ल हे जुने स्फोटक काही धातूंशी मिसळून अधिक संवेदनशील क्षार बनवते.

## टप्पा २: किती लहान, किती खोल, नेमके कुठे

हा टप्पा नीट झाला तर पुढचे निम्मे काम सोपे होते. कंटाळवाणा असल्यामुळे तो नेमका एका दुपारी उरकला जातो.

प्रकल्पातली तळाला स्पर्श करणारी प्रत्येक कृती लिहून काढा: मोनोपाइल (चक्कीच्या पायाचा पोलादी खांब) ठोकणे, जॅक-अप जहाजाचे (तळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या बांधकाम-जहाजाचे) पाय टेकणे, केबलसाठी चर खणणे, नांगर टाकणे, पायाभोवती दगड ओतणे, भूगर्भ तपासणीसाठी भोके पाडणे. मग प्रत्येक कृतीपुढे तीन गोष्टी लिहा. ती किती रुंद जागा व्यापते, किती खोल जाते, आणि त्या जागी स्फोट झाला तर माणसांना, जहाजाला व यंत्राला किती इजा होईल.

यातून शोधायच्या सर्वांत लहान वस्तूचा आकार ठरतो. हा उंबरठा सगळीकडे सारखा नसतो. खोल पाण्यात दूरनियंत्रित चर-यंत्राजवळ लहान तोफगोळा फुटला तर यंत्र बिघडेल, पण वरच्या जहाजावरच्या माणसांना धक्का पोचेलच असे नाही. तोच गोळा नांगराला अडकून डेकवर आला तर सगळे गणित बदलते. उंबरठा फार लहान ठेवला तर प्रत्येक साखळीचा तुकडा, प्रत्येक तारेचे वेटोळे यादीत येते आणि पाहणीचा खर्च आवाक्याबाहेर जातो. फार मोठा ठेवला तर खरा बाँब ‘लहान आहे’ म्हणून गाळला जातो. ही निवड सर्वेक्षण कंपनीवर सोपवू नका. तिला यंत्रे कळतात, तुमच्या बांधकामाची पद्धत कळत नाही.

जॅक-अपचे पाय हा नेहमीचा खड्डा आहे. केबलसाठी तळाखाली २–३ मीटर साफ केले म्हणून सगळे निर्धास्त होतात, पण मऊ मातीत या जहाजाचे पाय त्याहून कितीतरी खोल रुततात. त्यातच सर्वेक्षणाच्या वेळी जहाज ठरलेलेच नसते, त्यामुळे पाय कुठे पडणार हेही माहीत नसते. उपाय एकच: बाजारात उपलब्ध असलेल्या मोठ्यात मोठ्या जहाजाचा विस्तार धरून क्षेत्र आखा. नंतर लहान जहाज मिळाले तर नुकसान नाही.

ब्रिटनमध्ये या सगळ्या निर्णयांचा पाया ‘अलार्प’ हे तत्त्व आहे, म्हणजे वाजवी प्रयत्नांत शक्य तितका कमी केलेला धोका. सिरिया (CIRIA) या ब्रिटिश बांधकाम-संशोधन संस्थेचे सी७५४ हे मार्गदर्शन त्यावर बेतलेले आहे. जर्मन पाण्यात काम असेल तर लाइपझिग विद्यापीठात तयार झालेली, समुद्रातील दारूगोळा हटवण्याची २०२० ची गुणवत्ता मार्गदर्शिका आधी वाचा. तिच्यात प्रत्येक टप्प्याला कोणते कागद हवेत हे स्पष्ट दिले आहे.

क्रमाची तपासणी: दोन गोष्टी नेहमी उलट्या होतात.
- भूगर्भ तपासणीची भोके मुख्य दारूगोळा सर्वेक्षणाच्या आधी पाडली जातात. त्या जागांपुरते लहान सर्वेक्षण स्वतंत्रपणे आधी करा.
- मोठे दगड बाजूला ढकलणे आणि केबलच्या मार्गावरून साफसफाईचा लोखंडी आकडा (हुक) ओढणे ही कामे दारूगोळ्याची शहानिशा झाल्यानंतरचीच. दगड ढकलणारा फाळ सुरुंगालाही ढकलतो.

## टप्पा ३: सर्वेक्षणाची आखणी

साधारणपणे चार उपकरणे लागतात. मल्टिबीम तळाचा उंचसखलपणा दाखवते, साइड-स्कॅन सोनार तळावर उघड्या पडलेल्या वस्तूंचे आकार व सावल्या दाखवते, मॅग्नेटोमीटर गाडलेले लोखंड पकडतो आणि सब-बॉटम प्रोफाइलर तळाखालचे थर दाखवतो. एलएमबीसारख्या बिगरलोखंडी वस्तूंची शक्यता असेल तिथे विद्युतचुंबकीय प्रेरणेवर चालणारे, कोणताही धातू ओळखणारे उपकरण जोडावे लागते. त्याचा पल्ला कमी असतो, म्हणून ते सहसा आरओव्हीवर (पाण्याखाली चालणाऱ्या दूरनियंत्रित यंत्रावर) बसवून अगदी तळालगत चालवतात.

सगळ्यांत जास्त डोके मॅग्नेटोमीटरच्या उंचीवर खर्च करा. लोखंडी वस्तूचा चुंबकीय प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की संकेत एक-अष्टमांश उरतो. वस्तू तळाखाली २ मीटर आहे आणि उपकरण तळापासून ३ मीटरवर चालायचे होते, म्हणजे एकूण ५ मीटर. लाटांमुळे किंवा दोर सैल पडल्यामुळे ते ५ मीटरवर गेले तर अंतर ७ मीटर होते आणि संकेत जवळपास एक-तृतीयांशावर येतो. उत्तर समुद्रात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला आहे आणि आपण त्यातले काही मोजके नॅनोटेस्ला शोधत असतो. त्यामुळे २ मीटरची ढिलाई म्हणजे अख्खा बाँब निसटणे.

सर्वेक्षणाच्या ओळींमधले अंतरही याच हिशेबाने ठरते. वस्तू दोन ओळींच्या बरोबर मध्ये असेल तेव्हाही संकेत उंबरठ्याच्या वर राहिला पाहिजे. वाळूच्या लाटा असलेल्या तळावर विशेष काळजी घ्या. ओढले जाणारे उपकरण लाटेच्या माथ्यावर आदळू नये म्हणून चालक ते वर उचलतो आणि लागून येणाऱ्या घळीवर ते फार उंच राहते. अहवालात सरासरी उंची उत्तम दिसते, घळी मात्र कोऱ्या राहिलेल्या असतात.

तपासणी: कंत्राटदाराकडून रोजच्या रोज उंचीचा नकाशा मागा. सरासरीचा आकडा स्वीकारू नका. ठरलेल्या उंचीच्या वर गेलेले पट्टे जहाज तिथे असतानाच पुन्हा चालवून घ्या. महिन्याभराने त्याच पट्ट्यांसाठी जहाज परत आणणे फार महाग पडते.

आता स्थाननिश्चितीविषयी, कारण इथली चूक शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ओढलेल्या उपकरणाची जागा पाण्याखालील ध्वनी-यंत्रणेने ठरवतात आणि तिची चूक अंतराबरोबर वाढते. फक्त सोडलेल्या दोराच्या लांबीवरून काढलेली जागा तर मान्यच करू नका. दुसरी बाब निर्देशांक पद्धतीची. युरोपात ईटीआरएस८९ ही पद्धत युरेशियाच्या भूपट्टाला (टेक्टॉनिक प्लेटला) जखडलेली आहे, तर उपग्रहांची डब्ल्यूजीएस८४ जगाला धरून चालते. हा भूपट्ट वर्षाला सुमारे २.५ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे १९८९ पासून दोन्हींत जवळजवळ ९० सेंटीमीटरचा फरक पडला आहे. सर्वेक्षण एका पद्धतीत आणि पाहणीचे जहाज दुसऱ्या पद्धतीत असेल, तर आरओव्ही सुरुंगापासून जवळजवळ मीटरभर बाजूला खणत बसतो आणि ‘काही सापडले नाही’ अशी नोंद होते. दोन्ही कंत्राटांत पद्धतीचे नाव लिहा.

## टप्पा ४: नकली बाँबवर चाचणी

मुख्य सर्वेक्षणाच्या आधी, त्याच जहाजाने, त्याच उपकरणांनी, प्रकल्पाच्याच हद्दीत नकली वस्तू तळावर ठेवून त्या सापडतात का हे पाहायचे असते. नकली वस्तूचे लोखंडी वजन आणि आकार उंबरठ्यावरच्या वस्तूइतकाच हवा. सोय म्हणून मोठे पिंप ठेवले तर चाचणी हमखास उत्तीर्ण होते आणि काहीच सिद्ध होत नाही.

वस्तूच्या थेट वरून जाऊन भागत नाही. दोन ओळींच्या बरोबर मध्ये, म्हणजे सर्वांत वाईट जागी वस्तू आली तर ती दिसते का हे पाहा. वेगवेगळ्या दिशांनी फेऱ्या घ्या, कारण लांबट वस्तूचा संकेत ती उत्तर-दक्षिण पडली आहे की पूर्व-पश्चिम यावर बदलतो. प्रत्येक फेरीत तिची जागा किती चुकते हेही मोजा. तो आकडा पुढे वळसा घालताना लागेल. जहाज, उपकरण किंवा चालक-चमू बदलला तर चाचणी पुन्हा करायची. यावर कंत्राटदार कुरकुर करतात. करू द्या.

## टप्पा ५: ठिपक्यांची यादी आणि आधी वळसा

विश्लेषणातून निघालेल्या ठिपक्यांना बाँब समजू नका. त्यांतले बहुतेक नंतर जुने नांगर, साखळ्या, तारा, जहाजांतून पडलेले लोखंड निघतात. तरीही प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत प्रत्येकाला संशयितच मानायचे असते. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे अवघड जाते आणि त्यातून दोन टोके दिसतात. कुणी सगळेच ठिपके खणायला निघतो, तर कुणी ‘हे तर भंगारच दिसते’ म्हणून खुर्चीत बसून यादी छाटतो.

छाटणी करायची असेल तर निकष आधी लेखी ठरवा आणि एका उपकरणाच्या माहितीवरून वस्तू वगळू नका. सोनारच्या चित्रात लोखंडी पेटी दिसली, मॅग्नेटोमीटरचा संकेतही तिच्या आकाराला जुळला, तर ठीक. पेटीखाली दुसरे काही गाडलेले असू शकते, हे संकेत मोठा असेल तेव्हा ध्यानात ठेवा. पाइपलाइन, जुनी केबल किंवा जहाजाचा सांगाडा यांच्या मोठ्या चुंबकीय प्रभावाखाली लहान वस्तू झाकली जाते. तिथे ‘ठिपका नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, फक्त उपकरण तिथे आंधळे होते. असे आंधळे पट्टे नकाशावर वेगळ्या रंगात दाखवून घ्या.

यादी आली की पहिला प्रश्न ‘हे कधी खणायचे?’ हा नसावा. याला वळसा घालता येईल का, हे आधी विचारा. चक्कीचा पाया काही मीटर सरकवणे किंवा केबलला हलके वळण देणे, हे पाहणीच्या जहाजाच्या एका दिवसापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते, आणि काहीही हलवावे लागत नाही. मात्र हे शक्य होण्यासाठी यादी आराखडा गोठण्याआधी अभियंत्यांच्या टेबलावर पोचली पाहिजे. आराखडा आधी गोठला तर प्रत्येक ठिपका नाइलाजाने खणावा लागतो.

वळशाची त्रिज्या ठरवताना टप्पा ४ मधली स्थाननिश्चितीची चूक, बांधकाम-यंत्राची स्वतःची चूक आणि वस्तूचा आकार हे तिन्ही एकत्र धरा. आणि वळसा घालून जिथे गेलात ती जागा तरी सर्वेक्षणात आली होती ना, हे पाहा. नवा मार्ग सर्वेक्षणाच्या पट्ट्याबाहेर गेलेला असणे, हा हास्यास्पद वाटणारा पण खराखुरा घोळ आहे.

## टप्पा ६: परवाने, आणि स्फोटकाला हात लावायचा अधिकार कुणाला

क्रमांक सहा दिला असला तरी हे काम टप्पा २ बरोबरच सुरू करा. परवान्याला महिने लागतात.

देशागणिक मूलभूत फरक आहे. नेदरलँड्समध्ये कंत्राटदार शोध आणि ओळख करतो, विल्हेवाट मात्र लष्कराचे स्फोटक-निकामी पथक नौदलाच्या मदतीने करते. बेल्जियममध्येही ते काम लष्कराच्या डोवो पथकाचे. जर्मनीत किनाऱ्यालगतच्या पाण्यात घटकराज्यांच्या दारूगोळा-पथकांचा अधिकार चालतो. ब्रिटनमध्ये प्रकल्पासाठीची नियोजित सफाई खासगी कंपन्या सागरी परवाना घेऊन करतात. म्हणून एका देशातला कंत्राटाचा मसुदा दुसऱ्या देशात तसाच वापरू नका. नेदरलँड्समध्ये विल्हेवाटीचा दिवस तुमच्या हातात नसतो, हे वेळापत्रकात दिसले पाहिजे.

परवान्याच्या अर्जात किती वस्तू आणि किती स्फोटक, हा अंदाज द्यावा लागतो. तो कमी दाखवण्याचा मोह होतो. संख्या ओलांडली की काम थांबवून सुधारित परवाना मागावा लागतो आणि तोवर जहाजाचे भाडे चालूच राहते. ब्रिटिश पाण्यात आणखी एक अडचण येऊ शकते: पडलेले लष्करी विमान सापडले तर १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याने ते आपोआप संरक्षित असते. विमानाच्या अवशेषात बाँब असेल तरी परस्पर हात लावता येत नाही.

## टप्पा ७: तळावर जाऊन ओळख पटवणे

पाहणी शक्यतो आरओव्हीनेच करा. माणसांना पाण्याखाली उतरवणे हा शेवटचा पर्याय. आरओव्हीवर कॅमेरा, सोनार, धातू ओळखणारे उपकरण आणि वाळू उपसणारा पंप हवा. क्रम असा:

१. ठिपक्याच्या जागी पोचून आधी धातू-उपकरणाने जागा पक्की करा. सर्वेक्षणातली जागा थोडी चुकलेली असणारच.

२. वाळू बाजूने उपसा. पंपाचे तोंड वस्तूवर टेकवू नका, यांत्रिक हाताने टोचून पाहू नका.

३. वस्तू उघडी पडली की सगळ्या बाजूंनी चित्रीकरण, मापे, फ्यूजची जागा आणि कवचाची अवस्था नोंदवा. ओळख जहाजावरचा दारूगोळा-तज्ज्ञ पटवेल, आरओव्ही-चालक नव्हे.

४. भंगार निघाले तर ते उचलून त्याच जागी पुन्हा धातू-उपकरण फिरवा. हे विसरू नका. वर साखळी आणि खाली गोळा असे घडते. मूळ संकेत साखळीच्या मानाने मोठा होता का, हे तपासा.

५. काहीच सापडले नाही तर ‘काही नाही’ एवढी नोंद पुरत नाही. किती त्रिज्येत, किती खोल खणले आणि शेवटी उपकरणाने काय दाखवले, तिन्ही लिहा.

भरती-ओहोटीच्या पाण्यात काम पाणी थबकते तेवढ्या वेळातच होते. ढवळलेला गाळ बसायलाही वेळ लागतो. दिवसाला इतके ठिपके असे उद्दिष्ट बांधलेले कंत्राट माणसांना घाईला लावते आणि चौथी पायरी सर्वप्रथम गळते. देयक ठिपक्यांच्या संख्येवर न ठेवता जहाजाच्या दिवसांवर ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते, जरी हिशेबनीसांना ते आवडत नसले.

सावधान: डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या क्रोमरजवळ खेकड्यांचे सापळे ओढणाऱ्या एका मासेमारी बोटीखाली तळावरचा जुना बाँब फुटला. बोटीला बाँबचा स्पर्शही झाला नव्हता, तो सापळ्यांच्या दोराने हलला होता. सात जणांपैकी पाच जण गंभीर जखमी झाले. तळावरच्या वस्तूला दिलेला धक्का वरच्या जहाजापर्यंत येतो, हे पाहणीच्या जहाजाची जागा आणि सुरक्षित अंतर ठरवताना ध्यानात ठेवा.

## टप्पा ८: विल्हेवाट

दारूगोळा सापडलाच, तर पर्याय या क्रमाने तपासा: वळसा, सुरक्षित असल्यास तज्ज्ञांकडून दुसरीकडे हलवणे, लो-ऑर्डर, आणि अगदी शेवटी हाय-ऑर्डर. हाय-ऑर्डर म्हणजे बाजूला स्फोटक ठेवून सगळा दारूगोळा उडवून देणे. लो-ऑर्डरमध्ये लहान आकारित स्फोटकाने कवच भेदतात आणि आतले स्फोटक न फुटता वेगाने जळून जाते.

हा क्रम पाळण्यामागे सागरी सस्तन प्राणी आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिकच्या फेमार्न पट्ट्यात नौदलांच्या कारवाईत ४२ जुने ब्रिटिश तळसुरुंग उडवले गेले. पुढच्या आठवड्यांत मृत सापडलेल्यांपैकी २४ पॉर्पॉइजची (डॉल्फिनसारख्या लहान सागरी प्राण्यांची) तपासणी झाली आणि त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूचे कारण स्फोटाची इजा असावी असे दिसले. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सरकार आणि निसर्ग-सल्लागार संस्थांची भूमिका स्पष्ट आहे: कमी आवाजाच्या पद्धतींना प्राधान्य.

लो-ऑर्डरलाही मर्यादा आहेत आणि त्या आधीच मान्य केलेल्या बऱ्या. कधी वस्तू पूर्ण जळत नाही आणि स्फोटकाचे तुकडे तळावर उरतात. ते विषारी असतात, वेचावे लागतात. कधी प्रयत्न फसून पूर्ण स्फोट होतो. म्हणून सुरक्षित अंतर, प्राण्यांसाठीची खबरदारी आणि परवाना, तिन्ही हाय-ऑर्डर होईल असेच धरून आखा. किती प्रयत्न फसल्यावर थांबायचे आणि मग निर्णय कोण घेणार, हेही आधी लिहून ठेवा. समुद्रात वाद घालत बसू नका.

उडवण्याच्या दिवशीचा क्रम:
- हवामान आणि दिवसाचा उजेड पुरेसा आहे ना, हे पहाटेच ठरवा. अंधारात प्राणी दिसत नाहीत.
- जहाजांना पूर्वसूचना दिलेली असली तरी राखणदार बोटी उभ्या करून रेडिओवर पुन्हा सांगा.
- प्रशिक्षित निरीक्षक आणि पाण्याखालचे ध्वनिग्राहक सुरू करा. ब्रिटनच्या जेएनसीसी या निसर्ग-सल्लागार संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शनात १ किलोमीटर परिसर आणि किमान १ तासाचा शोध सांगितला होता. तुमच्या परवान्यात त्याहून कडक अट असेल तर तीच लागू.
- प्राण्यांना हुसकावणारे ध्वनी-यंत्र ठरलेला वेळ चालवा. ते ऐनवेळी पाच मिनिटे लावून काही साधत नाही. प्राण्याला दूर पोहायला वेळ हवा.
- हाय-ऑर्डर असेल तर बुडबुड्यांचा पडदा (आवाज अडवण्यासाठी तळावरच्या नळीतून सोडलेले हवेचे बुडबुडे) आधीच अंथरून, हवा सोडून, पूर्ण वर्तुळ तयार झाले आहे का ते पाहा. जोरदार प्रवाहात पडदा वाहून तिरका होतो आणि आवाज एका बाजूने सुटतो. म्हणून त्यासाठीही पाणी थबकण्याची वेळ गाठावी लागते.

स्फोटानंतर लगेच तळाकडे धावू नका. पथकप्रमुखाने ठरवलेला वेळ थांबून आरओव्ही उतरवा, उरलेले तुकडे पाहा, पुन्हा धातू-उपकरण फिरवा. मोजलेला आवाज नोंदवून नियामकाकडे पाठवा.

## टप्पा ९: प्रमाणपत्र वाचायला शिका

शेवटी दारूगोळा-सल्लागार अलार्प प्रमाणपत्र देतो. ते हातात पडले की फाइलला लागते आणि कुणी वाचत नाही. वाचा. त्यात या चार गोष्टी नसतील तर ते अपुरे आहे: कोणत्या निर्देशांकांतले क्षेत्र, किती खोलीपर्यंत, कोणत्या आकाराच्या वस्तूपर्यंत आणि कोणत्या कामासाठी. केबल अंथरण्यासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर जॅक-अप टेकवता येत नाही.

पाचवी गोष्ट मुदत. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात वाळूच्या लाटा वर्षाला कित्येक मीटर सरकतात. सर्वेक्षणाच्या वेळी ज्याच्यावर वाळूचा जाड थर होता आणि म्हणून उपकरणाला दिसले नाही, ते दोन वर्षांनी उघडे पडलेले असू शकते. मुदतीचे वर्ष बाहेरून उसने आणू नका, त्या जागेची वाळू किती सरकते यावरून ठरवा. सर्वेक्षण आणि बांधकाम यांत मोठी फट असेल, तर निदान मल्टिबीमने तळ पुन्हा पाहून फरक काढा. जिथे तळ खाली गेला आहे तिथे पुन्हा मॅग्नेटोमीटर चालवावा लागेल.

## टप्पा १०: बांधकाम सुरू असताना

प्रमाणपत्र असूनही काहीतरी निघू शकते, कारण ते उंबरठ्याखालच्या वस्तूंबद्दल काहीच म्हणत नाही. प्रत्येक जहाजावर चित्रांसह एक पान लावा, चमू बदलला की नव्यांना समजावून सांगा आणि तज्ज्ञाचा फोन रात्रीही उचलला जाईल याची खात्री करा.

आकड्याला, नांगराला किंवा खणणाऱ्या यंत्राला संशयास्पद वस्तू लागली तर यंत्र आहे त्या स्थितीत थांबवा. वस्तू डेकवर ओढू नका, झटक्याने पाण्यात सोडूनही देऊ नका. ती खाली कशी आणि कधी उतरवायची हे तज्ज्ञ सांगेल. माणसे लांब न्या, जागा नोंदवा, तटरक्षक दलाला कळवा. डेकवर आधीच आलेली असेल तर तिला घासून नंबर वाचायचा प्रयत्न करू नका. उष्णता आणि कंपनापासून दूर, लोळणार नाही अशी टेकवून, ओली आणि झाकलेली ठेवा. फोटो दुरून, झूम करून काढा.